पिकअप वाहनातील अनियमित आरंभदोष

अनियमित आरंभदोष म्हणजे चावी फिरवल्यावर वाहनाचे इंजिन कधी तत्काळ सुरू होणे, तर कधी मुळीच सुरू न होणे. कायमच्या बिघाडापेक्षा हा दोष शोधणे अवघड असते, कारण गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा ती बहुधा नीट सुरू होते. त्यामुळे दोष प्रकट झालेला असताना केलेले निरीक्षण व मोजमाप हाच निदानाचा खरा आधार होय.

पार्श्वभूमी

पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील सुपा (ता. पारनेर) हे गाव औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. या परिसरातील कांदा, भाजीपाला व दूध यांच्या वाहतुकीसाठी डिझेलवर चालणाऱ्या पिकअप गाड्या वापरल्या जातात. पर्जन्यछायेतील या भागात उन्हाळा कडक असतो, तर हिवाळ्यातील पहाट बरीच थंड असते. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते आणि थंडीत तिची क्षमता कमी होते. नाशवंत माल भरलेली गाडी पहाटे अडली की बाजाराची वेळ चुकते. अशा घाईत अंदाजाने सुटे भाग बदलले जातात; खर्च होतो, पण मूळ दोष तसाच राहतो.

पहिले निरीक्षण

चावी फिरवल्यावर इंजिन फिरते की नाही, हे सर्वप्रथम पाहावे. ते फिरत नसल्यास दोष बॅटरी, तारा, स्टार्टर मोटर किंवा तिच्या नियंत्रक मंडलात असतो. नेहमीच्या वेगाने फिरूनही सुरू होत नसल्यास इंधन, हीटर प्लग किंवा संवेदकांकडे लक्ष द्यावे लागते.

इंजिन फिरत नसल्यास

पूर्ण भारित १२ व्होल्टच्या बॅटरीचा विद्युतदाब स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट असतो. स्टार्टर चालू असताना तो साधारण ९.६ व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरी दुर्बळ असण्याचा संभव असतो. ‘टकटक’ असा सलग आवाज अपुरा विद्युतदाब सुचवतो. एकच ठोका ऐकू येऊन मोटर न फिरल्यास सोलेनॉइडचे संपर्कबिंदू किंवा मोटरमधील कार्बन झिजलेले असू शकतात. काहीच आवाज नसल्यास फ्यूज, रिले, चावीचा स्विच व असल्यास क्लच स्विच तपासतात.

दिवे नीट लागतात, म्हणून बॅटरीच्या जोडण्या ठीक आहेत, असा समज चुकीचा ठरू शकतो. गंजलेल्या जोडणीचा रोध केवळ ०.०१ ओहम असला, तर ५ अँपिअर घेणाऱ्या दिव्यासाठी ०.०५ व्होल्ट एवढीच घट होते. परंतु २०० अँपिअर घेणाऱ्या स्टार्टरसाठी ती २ व्होल्ट होते. म्हणून स्टार्टर चालू असताना मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी इंजिनच्या धातूवर ठेवून घट मोजतात. ती सुमारे ०.२ व्होल्टपेक्षा बरीच अधिक असल्यास अर्थिंगची तार व तिच्या जोडण्या साफ करून घट्ट कराव्यात.

इंजिन फिरूनही सुरू न झाल्यास

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. केवळ थंडीत त्रास होत असल्यास हीटर प्लग तपासावेत. रात्रभर उभी राहिलेली गाडी हातपंप मारल्यावर सुरू झाल्यास इंधननळीत हवा शिरत असल्याचा संशय बळावतो. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात पुरेसा इंधनदाब तयार झाल्याशिवाय इंधन फवारले जात नाही. त्यामुळे तुंबलेला डिझेल फिल्टरही अडथळा ठरतो. तापलेले इंजिन बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नसेल व निवल्यावर सुरू होत असेल, तर क्रँकशाफ्ट संवेदकाचा विचार करतात. इंजिन फिरत असतानाही स्कॅनरवर फेऱ्यांची संख्या शून्य दिसणे, ही त्याची महत्त्वाची खूण होय.

नोंद व दक्षता

प्रत्येक प्रसंगी वेळ, हवामान, इंजिन गार होते की तापलेले, आवाज, दिव्यांचा प्रकाश आणि गाडी अखेर कशाने सुरू झाली, हे चालकाने लिहून ठेवावे. अशा चार-पाच नोंदींतून दोषाचा क्रम दिसू लागतो. एका वेळी एकच भाग तपासावा, अन्यथा दोष नेमका कशाने गेला हे कळत नाही. तपासणीपूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक लावावा व चाकांना अडण लावावी. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडत असल्याने तिच्याजवळ ठिणगी वा ज्योत येऊ देऊ नये.