‘सर्वांत कमी दर’ : कशाचा?

सरकारी खरेदीच्या भाषेत ‘सर्वांत कमी दर’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की, तो अपुरा आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दर हा नेहमी कशाचा तरी असतो. ते षष्ठ्यन्त पद निविदेत लिहिलेले नसेल, तर वाचणारा तेथे वस्तूची आजची किंमत गृहीत धरतो. आणि ती वस्तू वापरताना जळणारे इंधन, तिची दुरुस्ती, अखेरची विल्हेवाट ही सारी वाक्याबाहेर राहतात. पर्यावरणस्नेही खरेदी म्हणजे मुख्यतः हे पद बदलणे होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नुसते विशेषण जोडून ते साधत नाही. केंद्र शासनाने १९९१ साली ‘इकोमार्क’ योजना काढली. मातीचे मडके हे तिचे चिन्ह. चिन्ह मोठे अर्थवाही, परंतु ते घेणे न घेणे उत्पादकाच्या इच्छेवर होते आणि फारच थोड्यांनी ते घेतले. उलट, २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनी केंद्रीय खात्यांना अधिसूचित विद्युत उपकरणे किमान ठराविक तारांकनाचीच घ्यावयास सांगितले. येथे अट खरेदीच्या नियमातच आली, म्हणून तिला बळ आले.

याहून बोधप्रद उदाहरण आपल्या दारातले, ‘बेस्ट’चे आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात या उपक्रमाच्या पहिल्या विजेवरील बसगाड्या रस्त्यावर आल्या. अशी गाडी विकत घ्यावयाची तर डिझेलच्या गाडीपुढे ती पहिल्याच रकान्यात हरते, कारण बॅटरीमुळे तिची किंमत पुष्कळ अधिक. चालविण्याचा खर्च मात्र कमी. पुढे गाड्या भाडेकराराने घेण्याची पद्धत रूढ झाली. तीत गाडी व चालक कंत्राटदाराचे, तिकिटाचे उत्पन्न उपक्रमाचे, आणि मोबदला धावलेल्या किलोमीटरवर. २०१९ साली सुरू झालेल्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात केंद्राचे अनुदानही याच पद्धतीच्या बसगाड्यांना होते. म्हणजे ‘गाडीचा सर्वांत कमी दर’ याऐवजी ‘किलोमीटरचा सर्वांत कमी दर’ असे झाले. एक नाम बदलले आणि हरणारी गाडी स्पर्धेत आली. २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण मुंबईत धावू लागलेली विजेवरील दुमजली बस याच पद्धतीने आली.

परंतु नवे नामही निरुपद्रवी नाही. किलोमीटरच्या दरात चालकाचे वेतनही दडलेले असते, आणि कमी दराची चढाओढ लागली की पहिला चिमटा तेथेच बसतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये भाडेकरारावरील बसगाड्यांच्या कर्मचाऱ्यांनी वेतनवाढीसाठी काम बंद केले, तेव्हा मुंबईकर थांब्यांवर ताटकळले. परळ-लालबागच्या वाचकाला यातले मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. ज्या निविदेत धुराचा विचार आहे पण वेतनाचा नाही, ती अर्धीच सुधारलेली आहे.

आणखी एक षष्ठी उरते : वीज कशाची? १९०५ साली स्थापन झालेल्या मूळ कंपनीच्या नावातच वीजपुरवठा आणि ट्रॅम ही दोन्ही एकत्र होती. ट्रॅम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी शेवटची धावली, पण शहर विभागातील वीजवाटप आजही बेस्टकडेच आहे. ही वीज ती बाहेरून विकत घेते. त्यामुळे येथे बसगाडीचा करार आणि वीजखरेदीचा करार हे एकाच संस्थेचे दोन कागद ठरतात. गिरगावच्या थांब्यावर धूर नाही, हे खरेच. आणि रस्त्याकाठी राहणाऱ्याच्या दृष्टीने तो लाभ लहान नव्हे. तथापि ती वीज कोळशावरची की खोपोलीच्या पाण्यावरची, हे बसगाडीच्या निविदेत कोठेच लिहिलेले नसते. ते वाचावयाचे तर दुसरा कागद उघडावा लागतो. आणि माझ्या पाहण्यात हे दोन्ही कागद सहसा एका टेबलावर येत नाहीत.