काड्या फुल्ल, नेट गुल!

घरातलं वाय-फाय रुसलं की आपण सगळे एकच करतो. राऊटरचं बटण बंद, मनातल्या मनात दहा आकडे, बटण चालू. कधी चालतं, कधी नाही. नाही चाललं तर कस्टमर केअर. ‘एक दाबा, दोन दाबा’च्या कवायतीनंतर पलीकडून थंड आवाज येतो, ‘मॅडम, आमच्याकडून लाइन ओके दिसतेय.’ आपली सटकते. पण गंमत अशी, की बरेचदा तो बिचारा खरं बोलत असतो. लाइन ओकेच असते. लोचा आपल्या हॉलमध्ये असतो!

मी फ्रीलान्सर. माझं ऑफिस म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटमधलं डायनिंग टेबल. आम्ही चौघी राहतो, चौघींचे कॉल एकाच वेळी. नेट गेलं की माझी मुलाखत जाते, मुलाखत गेली की स्टोरी, आणि स्टोरी गेली की चेक. एक फ्लॅटमेट तर प्रोबेशनवर होती. एका आठवड्यात तिचा टीम कॉल तीनदा कटला. ‘नेट प्रॉब्लेम’ हे कारण बॉसला दोनदाच पटतं, तिसऱ्यांदा तो नुसताच गप्प बसतो. शेवटी एका नेटवर्क इंजिनीअर मित्राला गाठलं, तीन कप चहा पाजला आणि हे प्रकरण मुळातून समजून घेतलं.

पहिला फंडा : वाय-फायच्या काड्या फक्त तुमचा फोन आणि राऊटर यांच्यातला सिग्नल दाखवतात. त्यापुढे इंटरनेट आहे की नाही, याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. दुसरा फंडा : ‘नेट चालत नाही’ या एका तक्रारीमागे दोन वेगळे आजार असतात. एक पत्त्याचा, दुसरा हवेचा. आजार वेगळा, तर औषधही वेगळंच!

खोली मिळेल का खोली?

घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला, टीव्हीला राऊटरकडून एक पत्ता लागतो. आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात तो हाच. तो देण्याच्या पद्धतीचं नाव डीएचसीपी. आजही चालणारे तिचे मूळ नियम १९९७ चे. पण संवाद अगदी पुण्यात भाड्याने खोली शोधण्यासारखा!

फोन ओरडतो, ‘कुणी खोली देतं का?’ राऊटर म्हणतो, ‘२३ नंबरची रिकामी आहे.’ फोन म्हणतो, ‘मग तीच द्या.’ राऊटर वहीत लिहितो, ‘दिली, २४ तासांसाठी.’ चार वाक्यांत व्यवहार पक्का. मुदत राऊटरप्रमाणे कमी-जास्त असते. ती अर्धी उलटली की फोन स्वतःहून अ‍ॅग्रीमेंट वाढवून मागतो. आपल्या ११ महिन्यांच्या कटकटीपेक्षा किती सुटसुटीत!

आता समजा, कुणी उत्तरच दिलं नाही तर? फोन ‘आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे’वर गरगरत बसतो. लॅपटॉप मात्र फुटपाथवर पथारी टाकतो, म्हणजे १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो. हा आकडा दिसला की समजायचं, राऊटरने खोली दिलेली नाही. नेट कसं येणार?

राऊटर गप्प का बसतो? कधी तो नुसता हँग झालेला असतो, तिथे बंद-चालू चालून जातं. कधी खोल्याच हाऊसफुल्ल असतात. राऊटरच्या सेटिंगमध्ये पत्त्यांची संख्या कुणी दहा-वीसवर ठेवली असेल, तर चौघींचे फोन, लॅपटॉप, टीव्ही आणि रविवारचे पाहुणे मिळून ती सहज संपते. त्यात २०१९चं अँड्रॉइड १० आणि २०२०चं आयओएस १४ आल्यापासून फोन आपली खरी ओळख लपवून वाय-फायला बनावट हार्डवेअर नंबर सांगतात. प्रायव्हसीसाठी झकास! पण काही सेटिंगमध्ये तो नंबर अधूनमधून बदलतो आणि राऊटरला तोच फोन नवा भाडेकरू वाटतो. उपाय दोन : पत्त्यांची संख्या वाढवा किंवा मुदत कमी करा.

लाइट गेल्यावरचा घोळ वेगळाच. बऱ्याच राऊटरची वही लाइट गेली की कोरी होते. मग एकच खोली दोघांना दिली जाऊ शकते. दोन्ही डिव्हाइसचं वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करा, नवीन पत्ते मिळतात.

दोन घरमालक, एक फ्लॅट

आमच्या घरातला व्हिलन मात्र तिसराच निघाला. मागच्या बेडरूममध्ये रेंज येईना, म्हणून एका फ्लॅटमेटने आपला जुना राऊटर आणून केबलने मेन राऊटरला जोडला. रेंज आली, नेट गेलं! कारण आता खोल्या देणारे दोन होते. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता. जुन्याने पत्ता दिला, की तो बाहेर जायचा रस्ताही स्वतःकडूनच दाखवायचा, आणि त्याच्याकडे इंटरनेटची लाइनच नव्हती. म्हणून सकाळी चालणारं नेट संध्याकाळी बंद, एकीचं चालू तर दुसरीचं बंद.

औषध दहा मिनिटांचं. जुन्या राऊटरमधलं डीएचसीपी बंद करायचं, त्याला मेन राऊटर वाटत नाही असा एक कायमचा पत्ता द्यायचा (उदाहरणार्थ १९२.१६८.१.२) आणि दोन्हीकडे केबल ‘लॅन’ पोर्टमध्येच लावायची. घरमालक एक, दुसरा नुसता निरोप्या. तेव्हापासून प्रोबेशनवाल्या मॅडमचे कॉल कटणं थांबलं.

हवेतलं ट्रॅफिक जॅम

पत्ता १९२.१६८ वगैरे ठीक दिसतोय, तरी कॉल तुटतोय? मग आजार हवेचा. २.४ गिगाहर्ट्झ हा बँड म्हणजे लक्ष्मी रोड. एकमेकांना धक्का न लावता चालतील अशी चॅनेल्स तीनच : १, ६ आणि ११. आणि बिल्डिंगमधले राऊटर डझनावारी! शिवाय ब्लूटूथ तिथेच आणि मायक्रोवेव्हही तिथेच. पॉपकॉर्न फुटताना मीटिंग अडखळते, तो योगायोग नव्हे. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर, पण भिंतींपुढे तो लवकर दमतो. म्हणून राऊटरच्या खोलीत ५, लांबच्या खोलीत २.४.

आणि प्लीज, राऊटरची जागा बदला. केबल दाराजवळून आत येते, म्हणून डबाही तिथेच, चपलांच्या स्टँडवर नाहीतर टीव्हीच्या मागे. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि फिश टँक हे सिग्नलचे शत्रू. घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर आणि उघड्यावर ठेवा. खर्च फक्त थोड्या लांब केबलचा.

फोन लावण्यापूर्वी

* वाय-फाय सेटिंगमध्ये नेटवर्कच्या नावावर टॅप करून पत्ता बघा. १६९.२५४ किंवा रिकामी जागा दिसली, तर लोचा पत्त्याचा.
* राऊटरच्या शेजारी उभे राहा. तिथे नेट पळतंय आणि बेडरूममध्ये मरतंय, तर लोचा हवेचा.
* घरात दुसरा राऊटर असेल तर तो तासभर काढून ठेवा. नेट सुधारलं, तर दुसरा घरमालक सापडला!
* लॅपटॉप थेट केबलने मेन राऊटरला जोडा. पत्ता बरोबर असूनही नेट नाही? मग लाइनच खराब.

या शेवटच्या केसमध्ये बिनधास्त फोन लावा. ‘केबलवर पण नेट नाही, पत्ता बरोबर मिळतोय,’ एवढं एकच वाक्य बोला. ‘मॅडम, राऊटर बंद-चालू करून बघितला का?’ हा प्रश्न गाळून गडी थेट माणूस पाठवायच्या गोष्टी करतो!