पाण्याचा न्याय आणि आपलें घर

परभणी जिल्ह्यांतून गोदावरी वाहते, तरी पाथरी-मानवतच्या शेतांस पाणी मिळेल कीं नाहीं, याचा निकाल दूर नाशिक-नगरच्या धरणांवर लागतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पैठण येथें जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर वाहून या जिल्ह्यांत येतो. परंतु धरण भरावयाचें तें वरच्या पाण्यानें. आणि वर गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा हीं धरणें उभीं आहेत. अवर्षणांत वरच्यानें अडवावें व खालच्यानें आभाळाकडे पाहावें, हाच शिरस्ता होता. बळी तो कान पिळी, याहून त्यांत न्याय तो कोणता?

२००५ सालच्या महाराष्ट्र जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानें हा शिरस्ता चुकीचा ठरविला. टंचाईचा भार खोऱ्यांतील सर्वांनीं सारखा सोसावा, आणि खरिपाचा वापर धरून ऑक्टोबरअखेर सर्व धरणांतील उपयुक्त पाण्याचें प्रमाण जवळजवळ सारखें राहावें, असें त्याचें बारावें कलम सांगतें. या तत्त्वास वरच्या भागांतून आव्हान मिळालें. मुंबई उच्च न्यायालयानें २०१६ सालीं तें कलम कायम ठेविलें. २०२३ सालीं सुमारें ८.६ अब्ज घनफूट पाणी खालीं सोडण्याचा हुकूम झाला, त्यासही सर्वोच्च न्यायालयानें स्थगिती दिली नाहीं.

कायदा आपल्या बाजूस आहे, म्हणून आपण निश्चिंत राहावें काय? आमचें उत्तर नकारार्थी आहे. दरसाल तंटा न्यायालयांत जाऊन हुकूम उशिरां निघाला, तर कोरड्या पात्रांत पुष्कळ पाणी मुरतें. त्यांत वरच्याचेंही हित नाहीं व खालच्याचेंही नाहीं. ऑक्टोबरच्या हिशेबाची अंमलबजावणी ऑक्टोबरांतच व्हावी, ही आपली मागणी असली पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. नाशिककरांपाशीं आपण जो न्याय मागतों, तो आपल्या कालव्यावर आपण पाळतों काय? कालव्याच्या तोंडाशीं उंसास पाणी आणि शेपटाशीं ज्वारी कोरडी, असें जेथें घडतें तेथें दोष वरच्या धरणांस कसा द्यावा? त्याच २००५ सालीं सिंचनव्यवस्था शेतकऱ्यांच्या हातीं देणारा दुसरा कायदा झाला. त्यांत पाणीवापर संस्थांस माप मोजून पाणी देण्याची सोय आहे, आणि कालव्याच्या तोंडाच्या, मधल्या व शेपटाच्या शेतकऱ्यांस संस्थेच्या कारभारांत समान जागा आहेत. हक्काच्या पाण्याबद्दल तंटा उद्भवल्यास प्राथमिक तंटानिवारण अधिकाऱ्याकडे, व तेथें समाधान न झाल्यास प्राधिकरणाकडे दाद मागतां येते.

हे मार्ग कागदावर ठेवून उपयोग नाहीं. शेपटाच्या शेतांत कापूस पिकला नाहीं, तर मानवतच्या पेठेंत तो येणार कोठून? म्हणून व्यापाऱ्यांनीं व वकिलांनीं हा प्रश्न शेतकऱ्यांवर टाकून स्वस्थ बसूं नये. मापाच्या नोंदी ठेवण्यास, अर्ज लिहिण्यास व संस्था उभारण्यास त्यांनीं हात द्यावा. वरच्यास न्याय शिकविणाऱ्यानें तो आधीं आपल्या चारीवर करून दाखवावा, हेंच आमचें सांगणें आहे.