सगळ्यांना माहीत असलेलं सरप्राइज

पोकेमॉन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पिकाचूची वीज, चारिझार्डची आग, स्क्रीन हादरवणारे स्फोट? मग आता हे वाचा. या गेमच्या डबल्स स्पर्धांमध्ये वर्षानुवर्षं भाव खाऊन जाणारी एक मूव्ह आहे. तिची पॉवर आहे फक्त ४०, म्हणजे नवख्या पोकेमॉनच्या साध्या 'टॅकल'एवढी. मैदानात उतरल्यावर पहिल्या टर्नला ती चालते आणि दुसऱ्या टर्नला वापरायला गेलात तर सपशेल फेल. तरीही कसलेले खेळाडू चारच मूव्ह्जच्या यादीत तिच्यासाठी एक जागा राखून ठेवतात.

तिचं नाव 'फेक आऊट'. टीम रॉकेटच्या बडबड्या मिआउथमुळे माहीत झालेली मांजराची जात ही मूव्ह शिकते. त्यात गंमत अशी की मूळ जपानी नावातही मांजर आहेच.

टाळी वाजली, पापणी लवली

जपानीत या मूव्हला म्हणतात 'नेकोदामाशी'. शब्दशः अर्थ मांजराला चकवणं. हा शब्द गेमवाल्यांनी शोधलेला नाही, तो सुमो कुस्तीतला आहे. दोन पैलवान एकमेकांवर झेप घेतात त्या पहिल्याच क्षणी एक जण समोरच्याच्या तोंडापुढे फाडकन टाळी वाजवतो. समोरच्याचे डोळे आपोआप मिटतात आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच टाळीवाला बाजूला सरकून पकड घेतो. टाळीने कुणी पडत नाही. पाडायला लागणारी फट मात्र मिळते.

'अ‍ॅसॅसिनेशन क्लासरूम' पाहिलं असेल, तर नागिसाची ती टाळी आठवेल. तीही हीच.

सुमोमध्ये ही चाल सहसा लहान चणीच्या पैलवानांची मानली जाते. त्यामुळे नोव्हेंबर २०१५ मध्ये फुकुओकाच्या स्पर्धेत खुद्द हाकुहोने तोचिओझानविरुद्ध ती वापरली, तेव्हा गदारोळ झाला. हाकुहो योकोझुना होता, म्हणजे सुमोतल्या सर्वोच्च पदावरचा पैलवान. तोवर ३५ स्पर्धा त्याच्या नावावर होत्या. एकाच लढतीत त्याने दोनदा टाळी वाजवली आणि जिंकलाही. पण सुमो संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, स्वतः माजी योकोझुना असलेले कितानोउमी यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. योकोझुनाला हे शोभत नाही, असा त्यांचा सूर होता.

म्हणजे प्रश्न जुनाच आहे. अशी सुरुवात हुशारी की लबाडी? उत्तराआधी गेममध्ये ती कशी चालते ते बघू.

रांग मोडायचा परवाना

पोकेमॉनच्या लढतीत दोन्ही खेळाडू आपापली ऑर्डर एकाच वेळी देतात. मग कोण आधी हलणार हे साधारणपणे स्पीडवर ठरतं. पण काही मूव्ह्जना 'प्रायॉरिटी' असते. प्रायॉरिटी जास्त असेल, तर स्पीड कितीही कमी असो, तुमचा नंबर आधी. नेहमीच्या मूव्ह्ज शून्यावर, 'क्विक अटॅक' +१ वर, 'एक्स्ट्रीम स्पीड' +२ वर आणि फेक आऊट थेट +३ वर.

ही मूव्ह २००२ च्या 'रूबी' आणि 'सफायर' गेममध्ये आली, तेव्हा तिची प्रायॉरिटी +१ च होती. २०१० च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'पासून ती +३ झाली आणि तिचं वजन एकदम वाढलं.

आता खरी गोष्ट. फेक आऊट लागली की समोरचा पोकेमॉन हमखास 'फ्लिंच' होतो, म्हणजे दचकतो आणि त्या टर्नला काहीच करू शकत नाही. फ्लिंच करणाऱ्या मूव्ह्ज इतरही आहेत, पण दोन अडचणी असतात. बहुतेकींचा फ्लिंच नशिबावर असतो आणि समोरचा आधीच हलून गेला असेल, तर दचकवून उपयोग काय? फेक आऊट या दोन्ही अडचणी एका दमात सोडवते. बदल्यात अट एकच. मैदानात उतरल्यावर पहिली संधी, तीच शेवटची.

एका टर्नची किंमत

वन-ऑन-वन लढतीत फेक आऊट म्हणजे थोडंसं फुकटचं डॅमेज. समोरचा हलला नाही, पण तुमचीही टर्न त्यातच गेली. अधिकृत स्पर्धा मात्र डबल्स असतात. सहातले चार पोकेमॉन निवडायचे आणि एका वेळी दोन उतरवायचे. तिथे गणित पालटतं, कारण तुमचा एक दचकवत असतो तेव्हा दुसरा मोकळा असतो.

उदाहरण घ्या. तुमच्याकडे इन्सिनरोर आणि हॅटरीन. समोर गारचॉम्प आणि मेटाग्रॉस. हॅटरीनला 'ट्रिक रूम' लावायची आहे. ती लागली की पाच टर्न सगळं उलटं, सगळ्यात मंद तो पहिला. हॅटरीन कमालीची मंद आहे, त्यामुळे तिच्यासाठी ही पर्वणीच. पण ट्रिक रूमची प्रायॉरिटी आहे -७. म्हणजे टर्नच्या अगदी शेवटी ती लागणार. तोवर हॅटरीनला समोरच्या दोघांचे वार झेलत उभं राहायचंय.

इथे इन्सिनरोर काय करतो? उतरताच त्याच्या 'इंटिमिडेट' अ‍ॅबिलिटीने गारचॉम्पचा अटॅक दोन तृतीयांशावर येतो. मेटाग्रॉसवर त्याचा परिणाम होत नाही, कारण त्याची 'क्लिअर बॉडी' आड येते. मग फेक आऊट कुणावर? अर्थात मेटाग्रॉसवर. तो स्टील टाइपचा, त्यामुळे या नॉर्मल टाइप मूव्हचं डॅमेज अगदीच चिल्लर. पण तो दचकतो. हॅटरीनला दोन पूर्ण ताकदीचे वार झेलायचे होते, आता एकच येतो आणि तोही सौम्य. ट्रिक रूम लागते. पुढच्या चार टर्नमध्ये मंदांचं राज्य.

डॅमेजच्या आकड्यात ही टर्न वाया गेल्यासारखी दिसेल. प्रत्यक्षात मॅच तिथेच फिरलेली असते.

आणि दुसऱ्या टर्नपासून? इन्सिनरोर 'पार्टिंग शॉट' मारतो. समोरच्याचे अटॅक आणि स्पेशल अटॅक एकेक पायरी खाली येतात आणि तो स्वतः बेंचवर जातो. थोड्या वेळाने परत येतो तेव्हा इंटिमिडेट पुन्हा लागू आणि फेक आऊटही पुन्हा ताजी. २०१६ च्या 'सन' आणि 'मून' गेममधून आलेला हा पोकेमॉन डबल्समध्ये इतका दिसतो, त्याचं मोठं कारण हे आत-बाहेर चक्र आहे.

पण हे तर सगळ्यांना ठाऊक!

बरोबर आणि खरी मजा इथेच आहे. 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'च्या काळात मोठ्या अधिकृत स्पर्धांमध्ये 'ओपन टीम शीट' आली. म्हणजे लढतीआधीच समोरच्याच्या पोकेमॉनकडे कोणत्या मूव्ह्ज आहेत, हातात कोणतं आयटम आहे, हे कागदावर लिहून तुम्हाला मिळतं. फेक आऊट लपवायला जागाच उरत नाही. मग सरप्राइज कसलं?

सरप्राइज उरतं ते 'कुणावर?' आणि 'खरंच का?' या दोन प्रश्नांत.

तुम्ही समोरच्या बाजूला आहात असं समजा. 'प्रोटेक्ट' वापरला तर त्याची प्रायॉरिटी +४, त्यामुळे फेक आऊट अडते. पण दोघांपैकी कुणाला प्रोटेक्ट करायचं? चुकीच्याला केलं, तर दुसरा दचकला. दोघांना केलं, तर तुमची अख्खी टर्न गेली आणि समोरची हॅटरीन आरामात ट्रिक रूम लावून बसली. पोकेमॉन बदललात तरी वेळ गेलाच. आणि एवढं करून समोरच्याने फेक आऊट वापरलीच नाही तर? वेगळीच मूव्ह मारली तर? म्हणजे ही मूव्ह न वापरताही काम करते. ती यादीत आहे, एवढ्यानेच समोरच्याचं पहिल्या टर्नचं गणित बिघडतं.

तोड आहे का?

आहे आणि भरपूर आहे. म्हणूनच ही मूव्ह गेम बिघडवत नाही.

घोस्ट टाइपवर नॉर्मल मूव्ह चालतच नाही, त्यामुळे फ्लटर मेनसारखा पोकेमॉन निर्धास्त. (त्यावरही उतारा आहे. कांगास्खानची 'स्क्रॅपी' अ‍ॅबिलिटी घोस्टलाही मारू देते.) ड्रॅगनाइटला 'इनर फोकस' असेल, तर मार लागतो पण तो दचकत नाही. 'कोव्हर्ट क्लोक' हे आयटमही फ्लिंच अडवतं. फॅरिजिराफची 'आर्मर टेल' तर त्याच्यासोबत साथीदारालाही अशा प्रायॉरिटीच्या हल्ल्यांपासून वाचवते. 'सायकिक टेरेन' पसरलं असेल, तर जमिनीवर उभ्या असलेल्यांवर या चाली चालत नाहीत. आणि दोघांकडेही फेक आऊट असेल, तर ज्याचा स्पीड जास्त त्याची आधी लागते, दुसरा दचकून गप्प.

प्रत्येक तोडीची किंमत मात्र मोजावी लागते. कोव्हर्ट क्लोक घेतलं तर हातात दुसरं आयटम नाही. इनर फोकस निवडलं तर दुसरी अ‍ॅबिलिटी सोडावी लागते. चाळीस पॉवरच्या एका मूव्हसाठी लोक टीम बांधतानाच एवढा हिशेब करतात.

मग हुशारी की लबाडी? कितानोउमींची नाराजी होती ती बलाढ्याने चकवण्यावर, ताकद असताना टाळी कशाला यावर. पोकेमॉनमध्ये असा दर्जाचा प्रश्न येत नाही. इथे चाल कागदावर लिहिलेली आहे, तोड सगळ्यांना उपलब्ध आहे आणि टाळी वाजवणाऱ्याला पुढच्या टर्नला त्याची किंमत मोजायचीच आहे. समोरच्याला सगळं सांगून टाकलेली चाल लबाडी कशी म्हणायची?

तेव्हा पुढच्या वेळी मित्रासोबत डबल्स खेळायला बसलात, की टीम निवडताना डॅमेजचे आकडे थोडे बाजूला ठेवा. तीन प्रश्न विचारा. पहिल्या टर्नला समोरच्या दोघांपैकी कुणाला थांबवलं तर माझं काम होईल? त्या मोकळ्या टर्नमध्ये माझा साथीदार नेमकं काय करणार? आणि दुसऱ्या टर्नला फेक आऊट संपलेली असताना माझ्याकडे काय उरतं? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर बहुतेकांकडे असतं. मॅच हातातून जाते ती तिसऱ्यावर.