खुराड्यात कोण शिरलं होतं?

भाताची कापणी उरकली होती. पवन मावळातल्या आमच्या शेजारच्या मावशींच्या खुराड्यापाशी सकाळी सात कोंबड्या मरून पडल्या होत्या. दोन खाचरात, एक गोठ्यामागे, बाकीच्या दाराशीच, आणि अंगणभर पिसं. खाल्लेली मात्र एकही नव्हती. जमलेल्यांतून कुणीतरी म्हणालं, "वाघरू येऊन गेलं." तासाभरात ते गावभर झालं.

मी एक कोंबडी उचलून पाठीवरची पिसं बाजूला सारली. पाठीवर आणि मांडीवर वेडेवाकडे चावे होते, कातडी फाटलेली होती. खुराड्याची जाळी बाहेरून दातांनी ओढून वाकवली होती. नळाखालच्या ओल्या मातीत पंजे उमटले होते आणि प्रत्येक बोटापुढे नखाचा टोचा स्पष्ट दिसत होता. बिबट्या काय किंवा रानमांजर काय, चालताना नखं आत ओढून घेतं. त्यांच्या ठशात सहसा नख दिसत नाही, ठसाही गोलसर असतो. हे काम मोकाट कुत्र्यांचं होतं. कुत्री पोटासाठी कमी आणि पाठलागाच्या भरात जास्त मारतात, म्हणून मेलेल्या कोंबड्या अशा विखरून पडतात. पवना धरणाच्या काठावरचे तंबू आणि लोणावळ्याचे बंगले यांतलं उरलेलं अन्न जिथे उघड्यावर पडतं, तिथे कुत्र्यांचे कळप पोसले जातात. शनिवार-रविवारची गर्दी परतली की तेच कळप वाडीवस्तीत उतरतात.

बिबट्या मावळात आहेच. लोहगड-विसापूरच्या आणि राजमाचीच्या बाजूचं रान त्याचं आहे. पण "राखणीला कुत्रा बांधला की तो फिरकत नाही" हा समज उलटा आहे. तेव्हाच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तिथे बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आमंत्रणच. कुत्र्याला रात्री घरात किंवा बंद पडवीत घ्या.

दुसरा पक्का समज मुंगसाबद्दलचा. "मुंगूस कोंबडीचं रक्त पिऊन जातं, मांसाला तोंड लावत नाही." मानेला दोन बारीक भोकं, बाकी अंग धड, आणि अशा चार-पाच कोंबड्या एका ओळीत. हे पाहिल्यावर तसं वाटणं साहजिक आहे. पण दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात रक्त असतं जेमतेम शंभर मिलीलिटर, आणि मेल्यावर ते आतच गोठतं. त्यामुळे जखमेतून फारसं सांडलेलं दिसत नाही. मुंगूस मान आणि डोकं धरतं, कारण शिकार तिथेच पटकन मरते. खायलाही तिथूनच सुरुवात करतं. मग इतक्या का मारतं? बंद जागेत पळायला वाट नसलेल्या कोंबड्या फडफडत राहतात, आणि फडफड दिसली की शिकारी प्राण्याची झडप घालायची ऊर्मी पुन्हा जागी होते. पोट भरलं म्हणून ती थांबत नाही. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांसाहारी प्राण्यांच्या या सवयीवर सविस्तर लिहिलं. यात दुष्टपणा कसलाच नाही. शिवाय मुंगूस दिवसा हिंडणारं जनावर आहे. रात्री दोन वाजता कोंबड्या ओरडल्या असतील तर आळ मुंगसावर घेऊ नका. ती वेळ रानमांजराची, उदमांजराची, कोल्ह्याची.

अंडी गेली की नाव सापाचं निघतं, त्यातही बिचाऱ्या धामणीचं. साप अंडं अख्खं गिळतो, टरफल मागे ठेवत नाही. नाग अंडी आणि पिल्लं गिळतो हे खरं. धामण मात्र खुराड्याकडे येते ती बहुतेकदा उंदरांसाठी. फुटकी टरफलं पडली असतील तर मुंगूस, घूस, कावळा यांच्याकडे पाहा. आणि खालचा भुसा पिवळ्या बलकाने चिकट झाला असेल तर आपल्याच कोंबड्यांच्या चोची तपासा. खाण्यात चुना कमी पडला की टरफल पातळ होतं, अंडं फुटतं, आणि एकदा चव लागली की कोंबडी स्वतःच अंडी फोडू लागते. शिंपल्यांचा चुरा ठेवा आणि अंडी दिवसातून दोनदा उचला.

भरदिवसा पिल्लू नाहीसं झालं तर घार, शिक्रा किंवा घोरपड. पूर्ण वाढलेली कोंबडी घार उचलून नेत नाही.

कित्येकदा मात्र चोर कुणीच नसतो. मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने, कोंबडी रात्रीत मरते. पहाटे मांजर नाहीतर कुत्रं तिला कुरतडतं आणि आळ त्याच्यावर येतो. हे ओळखायची एक सोपी खूण आहे. चाव्याच्या जागची कातडी सोलून पाहा. जिवंतपणी चावा बसला असेल तर कातडीखाली काळं-लाल रक्त साकळलेलं दिसतं. मेल्यानंतरचा चावा फिका आणि कोरडा असतो. लागोपाठ मरतुक होत असेल तर सापळ्याआधी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. पहिल्या आठवड्यातली लासोटा आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांची आर-टू-बी, या दोन लसी चुकवू नका. मेलेली कोंबडी ओढ्यात फेकू नका, खोल पुरा.

आता जाळीचं. दुकानात जिला कोंबडीजाळी म्हणतात, ती कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी आहे, जनावराला बाहेर ठेवण्यासाठी नाही. कुत्रं ती दाताने फाडतं, मुंगूस तिच्या सैल कडेतून शिरतं. अर्धा इंच चौकटीची जाड वेल्डमेश हवी. मावळात आणखी एक अडचण म्हणजे पाऊस. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या आसपास पडतो. जमिनीलगतची तार गंजते आणि भिजलेली माती पंज्याने सहज उकरते. म्हणून खुराडं दगडी जोत्यावर घ्या. ते जमत नसेल तर जाळीची खालची कड बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट आडवी पसरून वर दगड रचा. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशीच पाय मारतं आणि त्या आडव्या जाळीवर अडतं. दिवाळी झाली की जाळीची प्रत्येक कड हाताने ओढून पाहावी.

बदकं पाण्यात सुरक्षित असतात, हाही समजच. आपली पाळीव बदकं कोंबड्यांसारखी उंच दांडीवर बसत नाहीत, जमिनीवर किंवा काठावर झोपतात. अंधार पडला तरी आपणहून घरी येतीलच असं नाही. त्यांना रोज दिवेलागणीला हाकून आत आणावंच लागतं. बदकं बहुधा पहाटे अंडी घालतात. सकाळी आठ-नऊपर्यंत आत ठेवली की अंडीही वाचतात आणि पहाटेचा धोकाही टळतो.

"दिवा लावून ठेवा, काही येत नाही." चार दिवस येत नाही, मग सवय होते. दिव्याला किडे येतात, किड्यांवर बेडूक आणि बेडकांमागे साप. सांडलेल्या दाण्याचंही तसंच आहे. दाणा उंदीर आणतो आणि उंदीर साप आणतो. संध्याकाळी खाद्य उचलून झाकणाच्या डब्यात ठेवण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

सगळ्यात घातक समज म्हणजे "एकदा विष घातलं की कटकट मिटली." विषारी मांस मुंगसाबरोबर घारीला, शेजाऱ्याच्या मांजराला आणि आपल्या कुत्र्यालाही मारतं. पकडून लांब सोडलं तरी रिकाम्या जागी दुसरं जनावर येतं. मुंगूस, रानमांजर, घोरपड, नाग, धामण या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. घोरपड तर बिबट्याबरोबर पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारणं किंवा पकडून ठेवणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

मावशींच्या खुराड्याला आता जोतं आहे, जाड जाळी आहे आणि दाराला दोन कड्या आहेत. तुमच्या खुराड्यात साप किंवा घोरपड अडकली तर काठी उचलू नका. कोंबड्या दुसऱ्या बाजूने बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.