आत दबलेला कोपरा

नागपूरच्या इतवारीसारख्या जुन्या पेठेतल्या जागा काही पाटीवर काढलेल्या चौकोनासारख्या नसतात. कुठे शेजाऱ्याची भिंत पुढे आलेली, कुठे बोळ वळताना कोपरा आत दबलेला. समजा, अशाच एका चौकोनी जागेच्या बाजू ओळीने 13, 13, 20 आणि 20 मीटर भरल्या. 13 ची बाजू 20 च्या बाजूला जिथे मिळते, त्या दोन कोपऱ्यांमधले अंतर 24 मीटर. आता क्षेत्रफळ सांगा बरे!

तुम्ही म्हणाल, त्यात काय आहे? कर्णाने दोन त्रिकोण झाले. पाया दोन्हींचा 24. एकाची उंची 16, दुसऱ्याची 5. म्हणजे 192 आणि 60, मिळून 252 चौरस मीटर. पण मंडळी, 13 मीटरच्या दोन बाजूंमधला कोपरा बाहेर आहे की आत, हे आपण पाहिलेच नाही. तो आत असेल तर 60 मिळवायचे नसून वजा करायचे. उरतात 132! मापे तीच, आणि फरक 120 चौरस मीटरचा. एवढ्या जागेत एक बरे घर उभे राहते.

भास्कराचार्यांनी 1150 च्या 'लीलावती'त बजावले आहे, की नुसत्या बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ ठरत नाही. कर्ण किंवा लंब न सांगता ते विचारणाऱ्याला त्यांनी चक्क पिशाच म्हटले आहे. इथे तर कर्ण सांगूनही भागत नाही.

सगळे आतले कोन 180 अंशांहून लहान असतील, तर ती आकृती बहिर्वक्र. एक जरी कोन 180 हून मोठा असला, तर अंतर्वक्र. शिक्षकांनी अंगणात खुंट्या ठोकून सभोवती सुतळी ताणावी. बहिर्वक्र आकृतीत सुतळी प्रत्येक खुंटीला टेकते. अंतर्वक्रात दबलेली खुंटी आत मोकळी राहते. त्रिकोण मात्र नेहमी बहिर्वक्रच.

दबलेला कोपरा दिसला, की कर्ण त्याच कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे काढावा. आपल्या जागेत तो 11 मीटर भरेल, आणि 11, 13, 20 बाजूंचे दोन त्रिकोण पडतील. प्रत्येकी 66 चौरस मीटर. वजाबाकीचे कामच नाही.

आकृती कशीही असो, चौकोनाच्या कोनांची बेरीज 360 अंशच. म्हणून चौकोनात असा कोपरा एकच येतो. पंचकोनात दोन येऊ शकतात. तीन आले, तर त्या तिघांचीच बेरीज 540 च्या वर जाईल.