तबल्याच्या तासातले गणित

हेंद्रेपाड्यातील एक आजी नातवाला दवाखान्यात घेऊन आल्या. गणिताच्या चाचणीच्या सकाळी त्याचे पोट हटकून दुखे. सुटीत कधीच नाही. तपासणीत काही आढळले नाही. चौकशीअंती कळले, गणितात मागे पडतो म्हणून घरच्यांनी त्याचा तबला बंद केला होता.

मी आजींना शाळेच्या संगीत शिक्षकांना भेटण्यास सुचवले. त्यांनी मुलाकडून त्रिताल वहीत लिहून घेतला : १६ मात्रा, ४-४ चे चार विभाग. दुगुनमध्ये प्रत्येक बोल अर्ध्या मात्रेचा, चौगुनमध्ये पाव मात्रेचा. ज्या अपूर्णांकांची धास्ती होती, ते त्याच्या बोटांना आधीच ठाऊक होते!

१९३७ साली वर्ध्यात गांधीजींनी मांडलेल्या नयी तालीमचे सूत्र हेच होते : हस्तोद्योगातून भाषा-गणित शिकवावे. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत टकळी चालवली असेल. सूत मोजता मोजता हिशेबही पक्का होई. चित्रकला, कार्यानुभव व खेळाचे शिक्षकही वर्गशिक्षकांशी बोलून आपल्या तासात मोजमाप, वाचन, लेखन आणू शकतात.

आजी-आजोबांनो, पालकसभेत या शिक्षकांनाही अवश्य भेटा. मूल नेमके कुठे अडते, ते सांगा. मात्र झोपमोड करणारी पोटदुखी, ताप किंवा वजन घटणे यांस ‘अभ्यासाची भीती’ समजू नका. त्वरित तपासून घ्या.

त्या नातवाचा तबला पुन्हा सुरू झाला आहे. गणित अजून कच्चेच आहे. पण चाचणीच्या दिवशी तो शाळेत जातो.